म्हाळू चित्रं बघायला शिकतो

राजे गेले नि त्यांची चित्रं मागे राहिली, अशा एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा घरजावई होता. त्याच्या बायकोचे मामा, तात्या, तिथल्या चित्रशाळेची राखण करायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चित्रांचा अर्थ सांगायचे. आता त्यांचे गुडघे थकले होते. ते म्हणाले, "म्हाळूला चित्रं बघायला शिकवतो. शिकला तर माझी जागा त्याला."

बायको गोदा म्हाळूला म्हणाली, "तात्या सांगतील तस्सं करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

"बरं," म्हाळू म्हणाला.

पहिल्याच दिवशी त्यानं नदीच्या चित्राला नाक टेकवलं. तात्या म्हणाले, "जवळून नुसते रंगाचे फराटे दिसतात. मागे सरायचं. अर्थ दिसेपर्यंत मागे सरायचं."

"बरं."

मग तात्यांनी त्याला विड्याच्या पानाएवढं चित्र दाखवलं. म्हाळू मागे सरला. दाराबाहेर गेला. अंगणातून म्हणाला, "तात्या, अजून दिसत नाही." मग पाण्याचा आवाज आला. अंगणात हौद होता.

त्याला बाहेर काढून तात्या म्हणाले, "एवढंसं काही असलं, तर ते उचलून डोळ्यांजवळ धरायचं."

"बरं."

पुढे होती दिवा धरलेल्या बाईची संगमरवरी मूर्ती. दिवा एवढासाच होता. म्हाळूनं तो उचलून डोळ्यांजवळ धरला. सोबत बाईचा हात आला.

तात्या जरा वेळ खाली बसले. मग म्हणाले, "मूर्ती उचलत नाहीत. तिच्याभोवती फिरायचं. पुढून बघायचं, मागूनही बघायचं."

"बरं."

मग आलं लढाईचं चित्र. म्हाळूनं ते पुढून बघितलं आणि बाहेर गेला. चित्राच्या भिंतीपलीकडे पाठककाकूंचं स्वयंपाकघर होतं. काकूंची आरडाओरड ऐकू आली. म्हाळू परत आला, हातात भजं.

"तात्या, पुढून राजा लढतोय. मागून कांदाभजी चाललीयत."

तात्यांनी कपाळाला हात लावला. "माझ्या बाबा, आता एकच ऐक. जागचं हलायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही. समोर माणसं दिसतायत ना? ती काय करतायत, त्यांच्या मनात काय चाललंय, याचा मुकाट उभं राहून विचार करायचा."

"बरं."

हे मात्र म्हाळूला जमलं. राजापुढे तो दुपारभर खांबासारखा उभा राहिला. तात्यांना भरून आलं. दुसऱ्या दिवशी शेजारगावात लग्न होतं. चित्रशाळा म्हाळूवर सोपवून ते निर्धास्त गेले.

संध्याकाळी परतले, तर भिंती मोकळ्या. मधोमध म्हाळू, हात मागे बांधून.

"म्हाळू, चित्रं कुठंयत?"

"दोन माणसं आली होती, तात्या. शिडी घेऊन. मी हललो नाही. मला विचारलं, तू कोण. मी बोललो नाही. नुसता विचार केला."

"कसला विचार?"

म्हाळूचा चेहरा उजळला. इतका अर्थ त्याला कधीच लागला नव्हता. "जाड्याच्या मनात भीती होती. सारखा दाराकडे बघायचा. बारीक होता त्याच्या मनात माया. राजाला कसा अलगद गोधडीत गुंडाळला. जाताना मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटतं, त्यांना संसाराचा वीट आला असावा."

"अरे, चोर होते ते," तात्या म्हणाले.

म्हाळूनं बराच वेळ विचार केला. मग मान डोलावली.

"तसाही अर्थ लागतो खरा."