केराबाईचा पदर

एका सूतगिरणीत वैजयंता कुंभार सुरक्षा अधिकारी होती. यंत्रांच्या उघड्या पट्ट्यांवर तिला जाळ्या बसवून हव्या होत्या. बैठकीत ती सांगू लागली, गिरणीतल्या कामगार केराबाईचा पदर पट्ट्यात कसा ओढला गेला, आणि शेजारच्या कामगारणीने यंत्र बंद करायचं बटण दाबलं म्हणून ती कशी वाचली.

अध्यक्ष धनपाल उपाध्ये खेकसले, "गोष्टी घरी सांगा. इथे आकडे बोला!"

"साहेब, गेल्या महिन्यात आकडेच दिले होते. सांगा बरं, किती पट्टे उघडे आहेत?"

अध्यक्ष समोरची फाईल चाळू लागले.

"आणि पदर कुणाचा अडकला?"

"केराबाईचा," ते पटकन बोलून गेले.

"बघा साहेब, आकडे फायलीतच राहिले. केराबाई मात्र तुमच्यापर्यंत पोहोचली."

सगळे हसले. अध्यक्षही ओशाळून हसले आणि त्यांनी तिथल्या तिथे जाळ्यांच्या मंजुरीवर सही केली.