भवानीच्या आधी

“आज तरी मंत्र देणार ना, बुवा?”

मुरलीशेठ रासने यांनी आवाज अगदी खाली ठेवला होता, पण त्यातला तगादा काही लपत नव्हता.

धुंडाबुवा मठाच्या ओसरीवर बसून कापसाच्या वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शेठांच्या हातात ताट होतं. त्यात नारळ, शाल, पेढे. नेसूचं धोतर नवं, आजच घडी मोडलेलं. बाहेर मांडवात पाहुणे येऊन बसले होते, जावई खास रजा काढून आला होता. गुरुमंत्राचा मुहूर्त बुवांनी याआधीही पुढे ढकलला होता. आज पुन्हा ढकलला, तर पेठेत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

मठात आलं की शेठ म्हणजे लोणी. दुकानातले शेठ वेगळे. गावात भांडी, शेगड्या, गॅसच्या नळ्या मिळायचं दुकान तेवढं एकच. त्यामुळे शेठांना गिऱ्हाइकाची गरज नव्हती, गिऱ्हाइकाला शेठांची होती. अशी दुकानं गावोगाव असतात. माणूस तिथे रोख पैसे मोजून अपमान विकत घेतो आणि वर पिशवीही स्वतःचीच नेतो.

“दुकान उघडलं होतंस आज?” बुवांनी विचारलं.

“उघडलं की. भवानी करूनच आलो. आजोबांपासून त्यात खाडा नाही.”

दिवसाची पहिली विक्री, ती भवानी. त्या विक्रीची नोट शेठ आधी डोळ्यांना लावत, मग कपाळाला, मग गल्ल्यात टाकत.

“भवानी कुणाच्या हातून झाली?”

“असेल कुणीतरी.”

“नोट कपाळाला लावलीस?”

“लावली ना.”

“आणि नोट देणारा?”

शेठ कसनुसं हसले. बुवा हसले नाहीत.

“त्याच्या आधी कुणी आलं होतं?”

शेठांचं निम्मं लक्ष मांडवाकडे. “आली होती एक बाई. गॅसची नळी बदलून मागत होती, काल नेलेली. वास येतो म्हणे. आता तुम्हीच सांगा, भवानीच्या आधी परतीचा माल कोण घेतो? अख्खा दिवस धंदा बसतो. नंतर या म्हटलं.”

“असंच म्हणालास?”

“जरा... चढ्या आवाजात.”

“काय म्हणालास?”

शेठांनी ताट या हातातून त्या हातात घेतलं. “म्हटलं, सकाळी सकाळी तोंड दाखवून अपशकून करू नका.”

बुवांचा हात थांबला.

“तोंड दाखवलं होतं ना तिनं? मग दिसायला कशी होती?”

“कशी म्हणजे... बाईसारखी बाई. हिरवं पातळ होतं. का निळं...” शेठ अडखळले. “मी वर पाहिलं नाही, बुवा. उदबत्ती लावत होतो.”

बुवांनी वात खाली ठेवली.

“आत स्वयंपाकघरात बायका आहेत. त्यांत ती आहे का, बघून ये.”

“आणि मुहूर्त?”

“जाऊन ये.”

शेठांनी ताट ओसरीवर ठेवलं. मनातून ते चरफडत होते. पण त्यांचं डोकं व्यापाऱ्याचं. बाई सापडली की दोन गोड शब्द टाकायचे, हवी तर नळी फुकट द्यायची, आणि येऊन पाटावर बसायचं. हाय काय अन् नाय काय.

आत शेठांच्याच भंडाऱ्याच्या पोळ्या चालल्या होत्या. ते दारात उभे राहिले तशी लाटणी थांबली. कुणी ‘या शेठ’ म्हणालं नाही.

शेठांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. या सगळ्यांच्या घरातली चमचा-वाटी त्यांच्याच दुकानातली होती. लग्नातलं रुखवत त्यांच्याकडचं, बारशाची घुगऱ्यांची पातेली त्यांच्याकडची. सगळ्या त्यांना ओळखत होत्या. त्यांना एकही ओळखू येईना.

चुलीची धग होती, पण शेठांना घाम सुटला तो धगीचा नव्हता.

शेवटी त्यांनी अंदाजाने एक वयस्कर बाई धरली. तिचं पातळ हिरवं होतं.

“ताई, सकाळी नळी घेऊन तुम्हीच आला होतात ना? गडबडीत बोलून गेलो काहीतरी. मनावर घेऊ नका.”

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“ती मी न्हवं, शेठ. मला तुमी आखाडात बोलला व्हता.”

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही.

शेठ शेजारणीकडे वळले. तिने नुसती मान हलवली. तिसरीने पदर सावरून तोंड फिरवलं.

“मग ती कोण?”

दोघींच्या मधे एक पोळपाट रिकामा होता. त्यावर पीठ भुरभुरलेलं होतं, लाटायला कुणी नव्हतं.

“द्रौपदा,” हिरव्या पातळाची म्हणाली. “ती जागा तिचीच. तुमच्या पोळ्यांना येनार व्हती.”

“मग आली का नाही?”

“दवाखान्यात हाय. पोरांचा डबा करायचा व्हता. नळीला चिंधी गुंडाळली आन् पेटवला गॅस. हात भाजलाय, पार कोपरापत्तूर.”

क्षणभर शेठांना बुवांचाच राग आला, की माहीत असून आत पाठवलं. पण तो राग टिकेना, कारण त्याला धरायला काही जागा नव्हती.

“पण मी तिला नंतर या म्हटलं होतं,” ते म्हणाले. “खरंच म्हटलं होतं. आली असती तर दिली असती बदलून.”

“तुमच्या दुकानात एकदा यायलाच जिवावर येतं, शेठ. दुसऱ्यांदा कोन येईल?”

ती हे रागाने बोलली नाही. ‘आज मंगळवार’ म्हणावं, तसं बोलली. शेठांना ते कानाखाली बसल्यासारखं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या दुकानाची पायरी बाहेरच्या बाजूने दिसली, आणि तिची लाज वाटली.

“आता माझंच बघा,” बाई बोलू लागली, “आखाडात मी कुकरची रिंग...” आणि मधेच थांबली. “जाऊ द्या. पोळ्या लाटायच्या पडल्यात.”

तिने लाटणं उचललं.

एरवी शेठांना हायसं वाटलं असतं. गिऱ्हाईक आपणहून गप्प झालं की वाटतं तसं.

मांडवातून जावयाची हाक आली. “मामा, वेळ चाललीय.”

शेठ खाली बसले. नव्या धोतरासकट, पीठ सांडलेल्या फरशीवर, त्या रिकाम्या पोळपाटापाशी.

“नाही, ताई,” ते म्हणाले. “सांगा, काय झालं होतं?”

आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

बाईला आधी खरं वाटेना. तिने शेजारणीकडे पाहिलं, मग शेठांकडे. मग सांगू लागली. गोष्ट साधी होती, रिंग छोटी निघाली होती एवढीच; पण सांगताना तिचा आवाज दोनदा बसला. तिची झाली तशी तिसरीने पदर सोडून तोंड इकडे केलं. जावई एकदा दारात डोकावून गेला. शेठ उठले नाहीत, मधे बोललेही नाहीत.

उठले तेव्हा मुहूर्त टळला होता. दारात बुवा उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

“मी दवाखान्यात जातो, बुवा.”

“जा.”

शेठ उंबऱ्यापर्यंत गेले. तिथे पाय घुटमळले. मागे वळले, पण मान काही वर होईना.

“मंत्र... मला आता मिळायचा नाही ना?”

बुवांनी त्यांच्या धोतराला लागलेलं पीठ पाहिलं. झटकलं नाही.

“आत बसून त्या ताईला ‘सांगा’ म्हणालास, तेवढाच मंत्र आहे माझ्यापाशी.”