भागूमाईंच्या अंगणातला भुईचाफा

“मग मी कुठं कमी पडलो, माई?”

यदुनाथनं हातातला कुजलेला कंद पुढं केला. तीन वर्षांतला हा तिसरा.

भागूमाईंचा मठ घाटातल्या दाट झाडीत. अंगणात ऊन असं उतरतच नाही. अशा सावलीत रानातला भुईचाफा फुलवून दाखवतो, अशी यदुनाथनं सगळ्यांसमोर पैज मारली होती. शेतकी कॉलेजात पहिला आलेला गडी, तो कुणाचं ऐकतोय! आता मात्र रडकुंडीला आला होता.

“एकच कंद उरलाय मातीत. तोही गेला तर मी मठ सोडून घरी जाईन. ज्याला एक फूल आणता येत नाही, तो तुमच्याकडे काय शिकणार?”

माई कंद न्याहाळत राहिल्या...

“पाणी कधी घालतोस?”

“रोज! थंडीत पानं वाळून गेली, वर काही उरलं नाही, तेव्हापासून तर दोनदा. एक दिवस चुकवला नाही.”

एवढ्या दुःखातही त्याची छाती जरा फुगलीच.

“बरं. जेवून घे.”

जेवून तो ओसरीवर आडवा झाला. डोळा लागला. माई तांब्या घेऊन आल्या आणि सरळ त्याच्या तोंडात पाणी ओतलं.

तो खोकत, ठसकत उठला.

“माई! झोपलो होतो मी!”

“तोही झोपलाय.”

यदुनाथ ओल्या सदऱ्यानं तसाच गेला आणि झारी फडताळात ठेवून आला.

मी तेव्हा मठातच होतो. त्या कोरड्या, रिकाम्या मातीसमोर त्याचे हात कसे शिवशिवायचे ते मी पाहिलंय. माझा धीर तर आठवड्यातच सुटला असता.

चैत्रातल्या एका सकाळी त्याच्या ओरडण्यानं अख्खा मठ गोळा झाला. एक पान नाही, आणि थेट मातीतून पांढरी-जांभळी फुलं वर आलेली. एक नाही, चार! अंगणभर घमघमाट. स्वैपाकघरातली माणसं पिठाच्या हातांनी धावत आली. यदुनाथ नाचत होता, हसत होता, रडत होता. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

त्यानं माईंचे पाय धरले.

“माई, या खेपेला मी तर काहीच केलं नाही!”

माईंनी त्याला उठवून उभं केलं.

“काहीच न करायला मला बारा वर्षं लागली होती, पोरा. तुला तीनच लागली.”