तगारेबुवांचे दोन तानपुरे

मिरजेत तगारेबुवांच्या पंचाहत्तरीची मैफल होती आणि तिचं चित्रीकरण माझ्या मुलीकडे, ऋजुताकडे होतं. तिचं हे पहिलंच मोठं काम. तिने कॅमेऱ्यामागे दोन लहान बॅटऱ्या जोडल्या होत्या. एक संपली की ती बदलायची, तोवर कॅमेरा दुसरीवर चालू राहतो.

बुवांना ते पटेना. त्यांच्या एका दुकानदार शिष्याने भलीमोठी बॅटरी आणून दिली होती.

"पोरी, ही एकटी अख्खी मैफल ओढेल. तुझी ती पिल्लं काढ, नाहीतर मी दुसरा कॅमेरावाला बोलावतो," बुवा म्हणाले. शिष्यमंडळी हसली.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. मध्ये बोलावंसं वाटलं, पण आपणच तिचं काम घालवू या धास्तीने गप्प बसलो.

"काढते, बुवा," ऋजुता शांतपणे म्हणाली. "त्याबरोबर तुमच्या मागचे हे दोन तानपुरेही उचलते. त्यांच्याऐवजी एकच मोठा तानपुरा मागवू."

"वेडी का काय तू? एकाची तार तुटली तर सूर कोण धरणार?"

"दुसरा. माझंही तेच म्हणणं आहे, बुवा."

शिष्य आता बुवांच्या तोंडाकडे बघू लागले. बुवा त्या दुकानदार शिष्याला म्हणाले, "तुझी बॅटरी घरी घेऊन जा. हिला हिच्या पद्धतीने करू दे."

शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी मी त्यांना सांगितलं, "ती माझी मुलगी."