चित्राईच्या भिंतीची कहाणी

ऐका चित्राईबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नगराला राजा होता, राजाला राणी होती, आणि राणीला पांढऱ्याचं वेड होतं. धुतलेलं पुन्हा धुवायची, पुसलेलं पुन्हा पुसायची. हसू नका गं, तुमच्यातही तशा दोघी बसल्यात, मी नाव घेत नाही.

नगराबाहेर टेकडीवर चित्राईचं देऊळ होतं. वाडवडलांनी काळ्या दगडात बांधलेलं. आत मूर्ती नव्हती. भिंती हीच देवी. खाली कमळांचे वेल, मधे मोर नि हरणं, वर आईच्या लग्नाची वरात. वरातीत सगळं गाव.

राणीनं नवस केला, "आई, माझ्या बकुळेला चांगलं स्थळ मिळू दे, तुला पांढरीशुभ्र करीन."

देवळाची गुरवीण म्हणाली, "राणीसाहेब, चुन्यानं आईचं तोंड झाकंल."

राणी म्हणाली, "आधी तुमचं झाका."

बकुळेचं लग्न झालं, सासरी गेली. राणी नवस फेडायला निघाली.

मग चुन्याचा पहिला हात दिला. कमळं गेली. गावात बाया रांगोळीला बसल्या, ठिपके पडले, पण हात वळंना. मग दुसरा हात दिला. मोर गेले, हरणं गेली. कोष्ट्यांच्या मागावर पदर निघाला, तो कोरा. मग तिसरा हात दिला. माणसं गेली. बाया जात्यावर बसल्या, तोंडं उघडली, ओवी येईना. राणी म्हणाली, "कसं लख्ख झालं!"

मग बकुळा पहिल्या माहेरपणाला आली. मेणा दारात टेकला. राणी भाकरतुकडा ओवाळायला धावली. लेक बघते तर बघतच राहिली.

"बाई, तुम्ही कोण? माझ्या आईला बोलवा."

"अगं, मीच तुझी आई."

"आईला मी ओळखणार नाही होय?"

राणीनं पाळणा दाखवला, ओळखंना. बाळलेणी दाखवली, ओळखंना. लाडाच्या नावानं हाक मारली, वळून बघंना. लेक उंबऱ्यावर बसली. पाणी घेईना, आत येईना. राणीला रडू आवरंना.

इतक्यात एक म्हातारी आली. अंगावर ठिगळांचं लुगडं, हातात विड्याचं पान. म्हणाली, "राणीबाई, पानाला चुना द्या." राणीनं रडत रडत डबी पुढं केली. म्हातारीनं बोटाच्या टोकावर घेतला. "बघ, मला एवढा पुरतो. आईला घागरी घागरी कशाला पाजलास?"

राणीनं पाय धरले. "आजी, माझी लेक मला परत मिळंल असा वसा सांग."

"तुला कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही."

"तर ऐक. कापसाचा ओला बोळा घ्यावा, बांबूची कामटी घ्यावी, आपल्या हातानं चुना सोडवावा. घाई करू नये. निघालं त्याला हळदकुंकू फासू नये. गेलं त्यावर नवं काढू नये. मग दर मंगळवारी मऊ कुंच्यानं धूळ झाडावी, लेकराबाळांना भिंत वाचून दाखवावी." एवढं बोलून म्हातारी कुठं गेली, कुणाला दिसली नाही.

पण राणी ती राणीच. मुदपाकखान्यातलं उलथनं घेतलं, शिडीवर चढली, खसाखसा खरवडलं. चुन्याबरोबर रंगाचा पोपडा खाली आला. उघडा दगड दिसला.

गुरवीण म्हणाली, "करपलेला तवा नव्हं तो, आई हाय."

मग राणी खाली उतरली, उलथनं टाकलं. बोळा लावला, वाट बघितली, कामटी फिरवली. कमळ उमललं. गावात बायांचे हात रांगोळीवर वळले. मग पुन्हा बोळा लावला. चुन्यातून एक डोळा उघडला. हरणाचा. बघायला जमलेल्या बाया पुढं सरकल्या. कोण जाणे कधीच्या काळी कुणी एक काळी रेघ ओढली, हाडं त्याची मातीत गेली, आणि हरीण आत्ता इकडं बघत होतं. एकीनं कडेवरचं पोर खाली ठेवलं, तिला दोन्ही हात जोडायचे होते.

मागावर मोर उठले. मग राणीनं वरची माणसं सोडवली. कुणी म्हणालं, "ती माझी पणजी गं, नाक बघ." कुणाला ओवी आठवली, सगळ्या गाऊ लागल्या. दगडी छताला आवाज भिडला.

ओव्या ऐकून बकुळा टेकडी चढून आली. भिंतीवर वरातीच्या कडेला एक लेक माहेरच्या दारात उभी, आई भाकरतुकडा ओवाळतेय. पण आईला तोंड नव्हतं. उलथनं लागलं ते तिथंच.

राजाचा चितारी म्हणाला, "राणीसाहेब, तुमचंच तोंड काढतो. लेक लगेच ओळखील."

राणीनं लेकीकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. म्हणाली, "नको. माझ्या हातानं गेलं. तिथं दगडच राहू दे."

लेक भिंतीपुढं उभी राहिली. त्या ओवाळणाऱ्या हाताकडं बघितलं. मग वळली, राणीकडं आली, पदराचं टोक ओलं केलं, तिचं तोंड पुसू लागली.

"आई, केवढा चुना माखून घेतलायस गं."

राणीला चित्राई पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. लेकींना आया ओळखू येवोत, आयांना लेकी. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं, राहिल्या रंगानं सुफळ, गेल्या तुकड्यासकट संपूर्ण.