गुडघाभर भिंत

पाहुणे, बोरवंडच्या शाळेत शिराल तेव्हा पाय जरा जपून टाका. खोली एकच, आणि तिच्या मधोमध दगडमातीची गुडघाभर भिंत. पुरी बांधलेली नाही, पाडलेलीही नाही. वरचे दगड बसून बसून गुळगुळीत झालेत. ती अशी का, ते माझ्या आज्यानं सांगितलं तसं सांगतो.

फार मागं वरची आळी आणि खालचा मोहल्ला यांत तीन दिवस कापाकापी झाली म्हणे. पुढं वरीस गेलं, माणसं थंडावली, पण एकमेकांच्या वाटेनं कुणी जाईना. शाळेला मास्तर दोन. आळीचे केरबा गुरुजी, मोहल्ल्याचे दस्तगीर मास्तर. लहानपणी एकाच पाटीवर शिकलेले, आता एका खोलीत बसून बोलणं बंद. केरबा गुरुजींचा धाकटा भाऊ नारू त्या दंग्यात मोहल्ल्यात मेला होता. कसा, ते कळलंच नाही. गुरुजींना समोरची तोंडं बघवेनात. त्यांनीच पंचांना सांगितलं, "मधी भिंत घाला, नाहीतर मी शाळा सोडतो."

गवंडी लागले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत भिंत गुडघ्याएवढी आली आणि ते भाकरी खायला गेले.

तेवढ्यात आळीच्या एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, नारूकाका कसं मेलं?"

"मोहल्ल्यात मारला. घोटभर पाणी द्यायलाही कुणी आलं नाही."

पलीकडं दस्तगीर मास्तरांनी खडू खाली ठेवला. "केरबा, पोरांना चूक सांगू नको."

"तू मला शिकवणार?"

"पाणी माझ्या आईनं पाजलं. त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. बैलाला वैरण घालायची राहिली, दादाला सांगा, एवढंच म्हणाला."

गुरुजींनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "वर्षभर सांगितलं नाहीस."

"मारणारे माझेच भाऊबंद. तुझ्या दारात कुठल्या तोंडानं येऊ?" मास्तर थांबले. "माझा बाप त्याच दंग्यात तुमच्या आळीत मेला, केरबा. कसा, मला तर तेवढंही ठाऊक नाही."

गुरुजींना ठाऊक होतं. बायकोलाही त्यांनी ते सांगितलं नव्हतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. दोन दिवसांत भिंत डोक्यावर गेली असती. पण ते उठले, भिंतीच्या ओल्या मातीवर येऊन बसले आणि दोन्हीकडच्या पोरांदेखत म्हणाले, "तुझ्या बापानं, चाचांनी, माझंच दार वाजवलं. माझं नाव घेऊन वाजवलं. मी कडी काढली नाही."

मास्तर उठून बाहेर गेले. पोरांना वाटलं, आता परत येत नाहीत. पण तोंडावर पाणी मारून ते आले आणि भिंतीवर बसले, गुरुजींपासून हातभर लांब.

गवंडी परतले. "गुरुजी, उठा, थर चढवायचाय." कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशीही दोघं तिथंच बसून शिकवत होते. तिसऱ्या दिवशी गवंड्यांनी थापी-ओळंबा उचलला. "मास्तरांच्या बुडाखाली भिंत कशी वाढवायची?" म्हणत निघून गेले, असं सांगतात.

तेव्हापासून शाळेत रीत पडली. आपल्या माणसाचं मरण आपण सांगायचं नाही, पलीकडच्या मास्तरानं सांगायचं. आजही पोळ्याच्या आदल्या दिवशी मोहल्ल्याचे मास्तर नारूचं सांगतात, आळीचे मास्तर चाचांचं. यंदा आळीच्या बाजूला नवीन बाई आल्यात, बावीस-तेवीस वर्षांच्या. त्यांनी आधी विचारलं, "केरबा गुरुजींनी कडी काढली नाही, असं म्हणू ना?"

मोहल्ल्याचे मास्तर म्हणाले, "होय, चालत आलंय तसंच म्हणा, बाई."

बाई भिंतीपाशी आल्या. मग पोरांसमोर म्हणाल्या, "मी कडी काढली नाही."

मास्तर भिंतीवर सरकले आणि त्यांना बसायला जागा दिली.