धण्यातल्या दोघी बहिणी

स्वयंपाकघरातले डबे आपापसांत बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका धण्यात दोन बहिणी राहत होत्या. प्रत्येक धण्यात असतातच दोघी. पोटाला पोट लावून त्या अशा घट्ट बसलेल्या, की त्यांनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं.

वेणूताईंनी गॅलरीतल्या कुंडीत मागे अख्खे धणे पेरले होते, ते उगवले नाहीत. या खेपेला शेजारच्या लतिफाबी म्हणाल्या, "वेणू, तसेच नको टाकूस. आधी लाटण्याने हलके रगडून घे."

लाटणं जवळ येताना पाहून धाकटी घाबरली. "ताई, आपली ताटातूट होणार."

"मला घट्ट धर," थोरली म्हणाली.

पण धणा फुटलाच. थोरली कुंडीच्या एका कडेला पडली, धाकटी दुसऱ्या, आणि वरून माती आली.

धाकटी हाका मारमारून थकली. शेवटी रुसून तिने ठरवलं, ताई नाही तर आपल्याला उगवायचंच नाही. पण वेणूताई रोज सकाळी ओंजळीने पाणी शिंपडत आणि वाकून विचारत, "काय गं, येतेस ना?" इतक्या मायेने विचारणाऱ्या बाईला नाही तरी किती दिवस म्हणणार? एका सकाळी तिने मान वर काढली.

समोर एक कोवळं रोप उन्हात डुलत होतं.

"कोण गं तू?" धाकटीने विचारलं.

"अगं, मी. तुझी ताई."

"अशी दिसतेस होय तू," धाकटी म्हणाली, आणि कितीतरी वेळ बघतच राहिली.